डोक्याच्या शिल्पाचा तुकड्यांचा प्लास्टर साचा उघडत नाही? हातोडा उचलण्याआधी हे तपासा

प्लास्टर गार झालंय, पट्टे सोडलेत, शिवणीत पाचर लावून पाहिलीय, तरी साचा जागचा हलत नाही. डोक्याचे तुकड्यांचे साचे करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ येते. माझे स्वतःचे आणि इतरांचे मिळून असे बरेच अडकलेले साचे मी सोडवले आहेत. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आपण नाकाला, कानांना, ओठांना दोष देत बसतो आणि साचा मात्र बाहेरच्या कडेवर, दोन तुकड्यांच्या शिवणीतच धरलेला असतो. म्हणून खालचा क्रम बाहेरून आत जातो. आधी फुकटचे आणि निरुपद्रवी उपाय, मग वेळखाऊ, आणि करवत सगळ्यात शेवटी.

लक्षणं

साचा अडकला म्हणजे नेमकं काय होतंय, हे आधी नीट बघा. प्रत्येक लक्षण वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतं.

• शिवण दिसतच नाही, सगळा एकसंध गोळा वाटतो. बहुतेक वेळा नंतर ओतलेलं प्लास्टर आधीच्या तुकड्यावर चढलेलं असतं.
• एका बाजूला केसाएवढी फट पडते, दुसरी बाजू घट्ट. त्या घट्ट बाजूला ओघळ तरी आहे, नाहीतर सेपरेटर (दोन तुकडे चिकटू नयेत म्हणून मध्ये लावायचा साबणासारखा थर) लागलेला नाही.
• तुकडा डुगडुगतो, पण दर वेळी त्याच जागी येऊन थांबतो. हे अंडरकटचं (शिल्पाच्या आत वळलेल्या जागेचं, जिथे साचा अडकतो) किंवा तुकडे जुळवायला कडेत कोरलेल्या चुकीच्या खाचेचं लक्षण.
• तुकडा निघतो, पण कानाची पाळी किंवा नाकपुडीची कड सोबत घेऊन येतो. अंडरकट नक्की.
• साचा उघडतो, पण परत बांधताना कडा जुळत नाहीत आणि प्रतीवर जाड शिवण उमटते. हा प्रकार वेगळा आहे, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

सुरुवात करण्याआधी एकच प्रश्न: आतलं डोकं कशाचं आहे? ओल्या मातीचं असेल तर निम्मी काळजी मिटली. माती दबते, कोरून काढता येते, आणि अंडरकटमध्ये अडकली तरी तुटते ती मातीच. आत प्लास्टर, दगड किंवा भाजलेली माती असेल तर दोन कडक वस्तू एकमेकींना धरून बसल्या आहेत. तिथे जोर लावला की दोघींपैकी एक फुटणार.

१. थांबा आणि हात लावून बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी. प्लास्टर घट्ट होताना तापतं. तळहाताची मागची बाजू साच्यावर ठेवा. जरा जरी कोमट लागलं तरी उघडायची घाई नको. प्लास्टर घट्ट दिसलं तरी त्या वेळी कच्चं असतं, कडा चुरतात आणि पाचरीच्या टोकाखाली खड्डा पडतो. पूर्ण गार होऊ द्या, मग आणखी तासभर जाऊ द्या. मोठ्या डोक्याचा साचा सहज दहा किलोच्या वर जातो आणि जाड भागातली उष्णता उशिरा निघते.

दुसरं टोकही गाठू नका. आत ओली माती असेल तर साचा चार दिवस तसाच ठेवून देण्यात फायदा नाही. प्लास्टर मातीतलं पाणी ओढून घेतं, माती चिवट आणि कडक होते, आणि केसांच्या खोलगट जागांतून ती काढणं जिकिरीचं होऊन बसतं.

२. शिवण शोधा, आणि संपूर्ण शोधा

अर्ध्याहून अधिक अडकलेले साचे या एका पायरीवर सुटतात, म्हणून इथे वेळ घाला.

दुसरा तुकडा ओतताना प्लास्टर पहिल्याच्या बाहेरच्या अंगावर थोडं तरी ओघळतं. तो पापुद्रा एक-दीड मिलिमीटर जाड असला तरी पुरतो, कारण बाहेरचा खडबडीतपणा त्याला घट्ट पकडून ठेवतो. पाचर आतून कितीही ढकलत असली तरी वरून ही पट्टी दोन्ही तुकड्यांना बांधून ठेवते.

कानस किंवा जुनी पटाशी घ्या आणि जिथे शिवण असायला हवी तिथली बाहेरची बाजू खरवडत जा. ओलं प्लास्टर चीजसारखं सुटतं, म्हणून कोरडं असेल तर आधी पाणी शिंपडा. दोन रंगछटांमधली बारीक काळसर रेघ दिसेपर्यंत खरवडायचं. ती रेघ टाळूवरून निघून कानामागून खाली मानेपर्यंत, आणि मानेच्या तळालासुद्धा, कुठेही खंड न पडता दिसली पाहिजे. दोन बोटं रुंदीएवढा भाग जरी दिसत नसला तरी काम संपलेलं नाही.

मानेचा तळ मी मुद्दाम म्हणालो. एकदा पाच तुकड्यांचा साचा एक अख्खी संध्याकाळ हलला नव्हता. सगळीकडची शिवण मोकळी होती, पाचरी बसत होत्या, पाणी आत जात होतं. शेवटी साचा आडवा केला आणि आरशाने तळ बघितला. मानेच्या काठाखाली, फळीवर टेकलेल्या भागात, नखाएवढा एक ओघळ समोरच्या तुकड्यावरून मागच्या तुकड्यावर गेलेला होता. पटाशीच्या एका टोच्याने तो उडाला आणि मागचा तुकडा हातात आला. त्या दिवसापासून मी साचा उलटा करून किंवा आडवा करून तळ बघितल्याशिवाय पाचरीला हात लावत नाही.

ओघळ टाळायचा असेल तर पुढच्या वेळी दुसरा तुकडा ओतण्याआधी पहिल्या तुकड्याच्या बाहेरच्या अंगावर, कडेपासून चार बोटं, मातीचं पातळ पाणी फासा. त्यावर पडलेलं प्लास्टर सहज सोलून निघतं.

३. पाणी आणि लाकडी पाचर

शिवण मोकळी झाली की तिच्यावरून पाणी सोडत राहा. बाटलीने, हळूहळू, पाच-दहा मिनिटं. तुकड्यांच्या भिंतींवर (शेजारच्या तुकड्याला टेकणाऱ्या बाजूंवर) साबण लावलेला असेल तर तो ओला होऊन घसरडा होतो. आत माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते आणि साच्याला आतून बाहेर ढकलते. कितीतरी वेळा एवढ्यावरच “चक्” असा बारीक आवाज येतो आणि रेघ उघडते. आत कडक प्लास्टर असेल तर सगळा साचा पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवला तरी चालतं. प्लास्टर पाण्यात अगदी थोडंच विरघळतं, तेवढ्या वेळात चेहऱ्याचं काही बिघडत नाही.

मग पाचरी. लाकडाच्या, सुक्या, लांब आणि पातळ. लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको. त्याचं टोक एका बिंदूवर सगळा जोर टाकतं, कड चुरते आणि फट मात्र पडत नाही. चार-पाच पाचरी शिवणीभर अंतराने बसवा आणि लाकडी मोगरीने एकेकीला हलका ठोका देत फिरत राहा. कोणत्याही एका पाचरीला सलग दोन ठोके नाहीत. सगळ्या बसल्या की त्यांच्यावर पाणी ओता आणि चहा प्यायला जा. सुकं लाकूड भिजून फुगतं आणि हा फुगवटा ठोक्यापेक्षा कितीतरी सावकाश आणि सारखा जोर देतो.

आवाज ऐका. ठोका भरीव लागत असेल तर तुकडा अजून धरलेला आहे. पोकळ, किंचित खुळखुळता आवाज आला की तो सुटला. कर्कश “टच्” असा आवाज आला तर तिथेच थांबा, बहुधा कुठेतरी तडा गेलाय.

४. तुकडे कोणत्या क्रमाने निघतात?

साधा नियम असा की जो तुकडा शेवटी ओतला तो आधी निघतो. ओततानाच तुकड्यांच्या पाठीवर आकडे कोरून ठेवले असतील तर प्रश्न नाही. कोरले नसतील तर एखाद्या मोकळ्या झालेल्या कडेवर जुळणीच्या खाचा बघा. ज्या भिंतीत कोरलेली खाच आहे तो तुकडा आधीचा, आणि ज्याच्यावर त्या खाचेचा फुगीर ठसा आहे तो नंतरचा.

पण डोक्याच्या साच्यात हा नियम एका जागी हमखास फसतो, आणि ती जागा म्हणजे कानाचा तुकडा. समजा चेहऱ्याचा आणि मागचा असे दोन मोठे तुकडे आधी झाले, आणि कानाचा तुकडा त्यांच्या मधल्या पोकळीत शेवटी ओतला. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तुम्ही वाटीसारख्या गोल खाचा कोरल्या होत्या. आता कानाच्या तुकड्यावर दोन्हीकडे फुगे आले आहेत आणि ते दोन्ही शेजाऱ्यांच्या खाचांत बसले आहेत. तुकडा बाहेर ओढायचा तर ते फुगे खाचेतून वर चढले पाहिजेत, आणि तेवढी जागाच नाही. तुम्ही ओढताय बाजूला, तो कुलूपबंद आहे समोर-मागे.

अशा वेळी नियम उलटा करायचा. कानाच्या तुकड्याला हात न लावता चेहऱ्याचा तुकडा सरळ समोर, दोन-तीन मिलिमीटर एवढाच हलवायचा. एका बाजूचे फुगे मोकळे होतात आणि कानाचा तुकडा किंचित पुढे सरकून बाहेर येतो. पुढच्या साच्यात अशा मधल्या तुकड्यासाठी गोल वाट्यांऐवजी बाहेरच्या कडेपासून आत जाणारी, आतल्या कडेच्या आधी संपणारी पन्हळ कोरा. तुकडा तिच्यातून सरकत निघतो. भिंतीही बाहेरच्या बाजूला किंचित उघडत जाणाऱ्या हव्यात, म्हणजे तुकडा बाहेरून रुंद आणि आतून अरुंद. याच्या उलट झालं तर तो तुकडा कधीच निघणार नाही, कितीही साबण लावलेला असो.

५. सेपरेटर लागला होता का?

ओल्या मातीवर प्लास्टर चिकटत नाही. प्लास्टरवर प्लास्टर मात्र घट्ट बसतं. त्यामुळे प्रत्येक भिंतीवर मऊ साबणाचे तीन हात लागतातच. ब्रशने फेस येईपर्यंत चोळायचा, पुसायचा, पुन्हा चोळायचा. साबण आणि प्लास्टरमधलं कॅल्शियम मिळून पाण्यात न विरघळणारा पातळ थर तयार होतो, तोच दोन तुकड्यांना वेगळं ठेवतो. जाड थापून ठेवलेला साबण उपयोगाचा नाही. तो बारकावे बुजवतो आणि वरचं प्लास्टर मऊ पाडतो.

लागला होता की नाही, हे उघड्या कडेवर पाण्याचा एक थेंब टाकून कळतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर साबण आहे. लगेच शोषला गेला तर तिथे कोरडं प्लास्टर आहे, आणि आतही तसंच असण्याची शक्यता मोठी. मग ही शिवण उघडेल या आशेवर ठोकत राहण्यात अर्थ नाही. दुसऱ्या शिवणींवर जा. बाकीचे तुकडे निघाले की चिकटलेली जोडी एकच मोठा तुकडा धरून बाहेर येते का ते बघा. चेहऱ्याचा आकार परवानगी देत असेल तर येते, आणि मग ती तशीच एक तुकडा म्हणून वापरता येते.

हाच थेंब ओतण्याआधी टाकला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. मी आता प्रत्येक भिंतीवर तीन ठिकाणी टाकतो.

६. अंडरकट

इथपर्यंत सगळं मोकळं असूनही तुकडा डुगडुगून थांबत असेल तर दोष चेहऱ्यातच आहे. तुकडा हलक्या हाताने चारही दिशांना हलवा आणि तो कोणत्या बिंदूभोवती फिरतोय ते बोटांनी जोखा. जिथे हालचाल शून्य, तिथे अडथळा. नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: कानाच्या मागची खोबण, कानाच्या वरच्या कडेची आतली घडी, नाकपुड्या, वरच्या पापणीखालची सावली, ओठांचे कोपरे, हनुवटीच्या खालचा भाग, आणि केसांच्या बटा. बटा सगळ्यात वाईट, कारण तिथे एकाच तुकड्यात वेगवेगळ्या दिशांचे दहा अंडरकट असतात.

आत माती असेल तर उपाय सोपा. मागचा तुकडा आधी मोकळा करा. तिकडून तारेच्या हत्याराने माती कोरत, आतला सांगाडा मोकळा करून बाहेर काढा. साच्याच्या अंगाला बोटभर जाडीचा थर राहू द्या आणि तो शेवटी हाताने सोला. कान-नाकात उरलेले गोळे मऊ ब्रश आणि पाण्याने निघतात. तिथे टोकदार हत्यार घालू नका, प्लास्टरवरचा ओरखडा पुढच्या प्रत्येक प्रतीवर उमटेल.

आत कडक शिल्प असेल तर ठरवावं लागेल की काय वाचवायचं, साचा की शिल्प. बहुतेक वेळा शिल्प. अडलेला तुकडा बाहेरून करवतीने, अडथळ्याच्या जागेवरून जाईल अशा रेषेत, जाडीच्या दोन तृतीयांश कापा. पूर्ण कापू नका. मग त्या चिरेत पाचर बसवून तो तोडा. तुटलेली कड ओबडधोबड असते, पण तीच एकमेकींत अचूक बसते. करवतीने आरपार कापलं असतं तर पात्याच्या जाडीएवढं प्लास्टर गेलं असतं आणि नाकाच्या बाजूला पायरी आली असती. हे दोन अर्धे आता साच्याचे नवे तुकडे झाले. वरून प्लास्टरचं एक कवच ओतून त्यांना धरायला जागा करा, साचा पुन्हा वापरता येईल.

तुकड्यांची संख्या वाढली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची पूर्णाकृती प्लास्टर प्रत आहे, १८५० च्या दशकात क्लेमेंते पापी याने केलेली. तिच्या साच्याचे तुकडे शेकड्यांनी होते. डोक्याला सात-आठ तुकडे लागले तर ते डोकंच तसं आहे. पुढच्या वेळी ओतण्याआधी सरळ पेन्सिल तुकडा ज्या दिशेने निघणार त्या दिशेत धरून चेहऱ्यावरून फिरवा. पेन्सिलीच्या आड जी जागा लपते तिला वेगळा तुकडा हवा.

उघडला, पण परत जुळत नाही

आधी कडा ब्रशने साफ करा. वाळूच्या कणाएवढा चुरा एका खाचेत असला तरी समोरची शिवण कागदाएवढी उघडी राहते. कडा साफ असूनही जुळत नसेल तर तुकडे वाकले आहेत. पातळ तुकडे सुटे ठेवून, एकीकडून ऊन किंवा वारा लागेल असे वाळवले की हे होतं. उघडून आत साफ केलं की साचा लगेच परत बांधा आणि बांधलेलाच वाळू द्या.

वाळवायची घाई म्हणून शेगडीजवळ ठेवू नका. ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. जिप्सम तापवून त्यातलं पाणी घालवलं की प्लास्टर होतं आणि तेच पाणी परत घेऊन ते घट्ट होतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेने १७६५ मध्येच मांडलं होतं. साचा जास्त तापवला की तेच पाणी पुन्हा निघून जातं आणि कडा बोटाखाली पिठासारख्या झडू लागतात. असा साचा दुरुस्त होत नाही. वाळला की नाही हे वजनावरून ठरवा. दोन दिवस लागोपाठ वजन तेच आलं की वाळला.

कुठे थांबायचं

शिल्प एकमेव असेल, जुनं असेल, दुसऱ्याचं असेल, किंवा त्यावर रंग वा सोन्याचा मुलामा असेल, तर तिसऱ्या पायरीतलं पाणीसुद्धा वापरू नका. शिवण खरवडून सुटली तर ठीक, नाहीतर शिल्पसंवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. भाजलेली माती आणि सच्छिद्र दगड प्लास्टरमधलं पाणी आधीच प्यायलेले असतात आणि आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही.

शिल्पात तडा दिसला, किंवा “टच्” आवाज येऊन कारण सापडलं नाही, तरी थांबा. आतला लोखंडी सांगाडा साच्याच्या प्लास्टरमध्ये रुतलेला असेल तर अनुभवी मोल्डरशिवाय करवत लावू नका. माझ्यासाठी आणखी एक मर्यादा आहे: सगळ्या पायऱ्या झाल्यावर करवत कुठे लावायची हे तुकडा हातात धरून नक्की सांगता येत नसेल, तर ते काम दुसऱ्या, जास्त अनुभवी हाताचं आहे.

दोन सूचना शरीरासाठी. कोरडं खरवडताना मास्क आणि चष्मा लावा. आणि घट्ट होत असलेल्या प्लास्टरच्या घमेल्यात हात बुडवून ठेवू नका, मोठा गोळा भाजण्याइतका तापतो. २००७ साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने असे हात बुडवले आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली.

माणूस येईपर्यंत साचा पट्ट्यांनी पुन्हा हलका बांधा. सगळ्या पाचरी काढा, तशाच ठेवल्या तर त्या भिजून फुगत राहतील. आत माती असेल तर ओलं फडकं आणि प्लॅस्टिक गुंडाळा. तुकडे कोणत्या क्रमाने ओतले, कुठे साबण लावला, खाचा कुठे आहेत, आणि आतापर्यंत काय काय करून झालं, हे कागदावर लिहून साच्यालाच बांधून ठेवा. येणारा माणूस सगळ्यात आधी हेच विचारेल.